मालदांडीची राखण: पाखरांपासून चार एकर ज्वारी वाचवायच्या नोंदी (रब्बी २०२५-२६)

रान मंगळवेढ्याच्या काळ्या पट्ट्यात, चार एकर, जिरायत, सगळी मालदांडी, म्हणजे रब्बी ज्वारीचं वाण. पश्चिमेच्या बांधावर तीन बाभळी आणि एक लिंब, दक्षिणेला विजेच्या तारा, पूर्वेला तात्यांचं रान आणि उत्तरेला नानांचं. हे आधी सांगून ठेवतो कारण पाखरं कुठून येतात आणि कुठं बसतात हे सगळं यावरच ठरतं. ज्यांना यंदा किंवा पुढच्या वर्षी राखण करायचीये त्यांच्यासाठी तारखेनुसार लिहितोय, खर्चासकट.

१८ ऑक्टोबर, पेरणी

सप्टेंबरच्या शेवटी पावसानं सोलापूर जिल्ह्याची काय दशा केली ते सगळ्यांना माहितीये, सीना नदीला पूर आला, माढा-मोहोळकडं गावं पाण्यात गेली. आमच्याकडं नदी नाही पण रानात वापसाच येईना, म्हणजे पेरण्याजोगी ओल होईना. एरवी आमच्यात पंधरा ऑक्टोबरच्या आत पेरण्या उरकतात, यंदा धनत्रयोदशीला ट्रॅक्टर रानात गेला. एकरी ४ किलो बी, किलोला ४ ग्रॅम गंधक चोळलं, काणी रोग येऊ नये म्हणून.

तात्या आणि नानांशी आधीच बोलून ठेवलं होतं की एकाच आठवड्यात पेरायचं. राखणीचं पहिलं काम हेच आहे, कोणी मानो न मानो. पाखराला खायला दोनशे एकर एकाच वेळी चिकात आली (कोवळ्या दाण्यात दुधासारखा रस भरला) तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं नुकसान येतं, आणि एखाद्याचंच रान पंधरा दिवस आगाप किंवा मागास असलं की सगळा थवा त्याच्याच रानात. मागच्या साली एका शेजाऱ्याची दोन एकर अशीच एकटी मागं राहिलेली, कणसं दाणे जाऊन नुसती बुरकुंडं झाली होती.

२७ ऑक्टोबर, उगवण

ओळी चांगल्या दिसतायत, फक्त धुऱ्याकडं जिथं ट्रॅक्टर वळतो तिथं बी उघडं पडलं होतं आणि ते पारव्यांनी आणि होल्यांनी वेचून नेलं. कावळे पण कोंब उपटून खालचा दाणा खातात. उपाय साधा आहे, पेरणी झाल्याझाल्या धुऱ्यावरून बाभळीची फेसाटी, म्हणजे काटेरी फांदी, ओढायची, बी झाकलं जातं. आम्ही ट्रॅक्टरवाल्याच्या गडबडीत ते राहू दिलं म्हणून आज नांगे (उगवण न झालेल्या रिकाम्या जागा) भरत बसलो. अर्धा दिवस गेला, बी अर्धा किलोच्या आत लागलं.

चुलतभाऊ एअरगन घेऊन आला होता. म्हणला दोन-चार पाडू, बाकीचे फिरकणार नाहीत. हा विषय दरवर्षी निघतो म्हणून एकदाच नीट लिहितो.

ठरावीक ताकदीपर्यंतची छर्‍याची बंदूक लायसनशिवाय विकत मिळते हे खरं. पण विकत मिळते म्हणून पाखरावर चालवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, पकडणं, जखमी करणं, अंडी उचलणं, घरटं मोडणं, सगळं त्यातच येतं. आधी कावळा, उंदीर, घूस आणि फळं खाणारी वटवाघळं ही उपद्रवी म्हणून वेगळ्या पाचव्या परिशिष्टात होती. २०२२ ला कायदा बदलला, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला आणि ते परिशिष्टच गेलं. म्हणजे आता कावळ्याला पण छर्रा मारायची मुभा उरलेली नाही, पोपट आणि मोर तर सोडाच. आपल्याकडं रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी २०१५ चा शासन निर्णय आहे, वनखात्याकडं अर्ज करून परवानगी घ्यायची, पण ते त्या दोन जनावरांपुरतं. पाखरांसाठी असं काही नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी बंदुकीनं रान वाचत नाही. छर्‍याचा फारसा आवाज होत नाही, एक पाखरू पडतं, बाकीची पलीकडच्या ओळीत जाऊन खातात. शिवाय एकदा बंदूक रानात आली की ती पोपटावर थांबत नाही, संध्याकाळी तीच तितरावर, लाव्ह्यावर, सशावर जाते आणि तिथं पीक वाचवायचा काही संबंधच राहत नाही. आपल्या जिल्ह्यात नान्नजला १९७९ पासून माळढोकचं अभयारण्य आहे आणि आज तिथं माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. आमच्या आजोबांनी याच माळावर ते पाखरू बघितलंय. मला हे मनापासून वाटतं की ज्वारी पण राहिली पाहिजे आणि पाखरू पण, आणि दोन्ही जमतं.

भावाला चहा पाजला आणि बंदूक घरी न्यायला सांगितली.

७ डिसेंबर, गोफण आणि गोळे

पीक कमरेएवढं झालंय. कोळपणी झाली, आता मोकळा वेळ आहे तर सामान करून ठेवायचं.

बाजारात नायलॉनच्या गोफणी मिळतात, सत्तर-ऐंशी रुपयाला, घेऊ नका. बोटात अडकवायचा फास नायलॉनचा असला की तासाभरात बोट सोलतं. नानांनी अंबाडीची करून दिली, मधली झोळी हाताच्या पंजाएवढी विणलेली, दोन्ही दोऱ्या हातभरापेक्षा जरा मोठ्या. एका टोकाला फास, तो करंगळीशेजारच्या बोटात, दुसरं टोक नुसतं चिमटीत धरायचं आणि सोडायचं. सोडायच्या टोकाला केकताडाच्या (घायपाताच्या) धाग्याचा झुपका बांधलाय, त्यानं दोरी सुटली की सट्टकन फटाक्यासारखा आवाज निघतो. खरं काम त्या आवाजाचं आहे, गोळ्याचं नाही.

दगड वापरायचे नाहीत असं ठरवलं. एक तर पाखराला लागला तर ते जखमी होणार, ते करायचंच नाही. दुसरं, काळ्या रानात दगड नसतो, बाहेरून आणून टाकला की तो तिथंच राहतो, आणि पुढं मळणी यंत्रात कणसाबरोबर गेला तर दाते मोडतात. म्हणून मातीचे गोळे.

गोळ्यांची पहिली टोपली वाया गेली. निव्वळ काळ्या मातीचे वळले आणि उन्हात ठेवले, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना भेगा, गोफणीत घातला की फिरवतानाच फुटून डोक्यावर माती. काळी माती वाळताना आकसते, रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात तेच इथं. मग एक पाटी काळी माती, अर्धी पाटी शेण, दोन मुठी भुसकट असं कालवलं, लिंबाएवढे गोळे केले आणि गोठ्यात सावलीला पसरले. पाच-सहा दिवसांत खणखणीत झाले. रानात पडल्यावर दहिवरानं (दवानं) विरघळतात, काही उचलायला लागत नाही. दोन पोती भरून करून ठेवा, हात आखडता घेऊ नका.

१४ डिसेंबर, माळा

माळा म्हणजे राखणीला बसायचा मचाण. सुबाभळीचे चार वासे, आडवे बांबू, वर कडब्याचा थर. उंची नऊ फूट. पीक सात फुटापर्यंत जाईल असं धरून, कारण माळ्यावर बसलेल्याचं डोकं कणसांच्या वर दोन-तीन फूट तरी पाहिजे, नाहीतर पलीकडची कड दिसत नाही. जागेवरून घरात बरीच चर्चा झाली. सगळे रानाच्या मध्यावर घालतात. मी पश्चिमेकडं सरकवला, बाभळींपासून साठ-सत्तर पावलांवर, कारण पाखरू आधी झाडावर बसतं, तिथून रान बघतं, मग कडेच्या दहा-बारा ओळीत उतरतं. नुकसान कायम कडेला आणि झाडाजवळ जास्त असतं, मध्यात कमी.

बाभळी तोडा म्हणून सांगणारे लोक भेटले. तोडणार नाही. त्याच झाडावर शिक्रा हा शिकारी पक्षी येऊन बसतो, तारेवर कापशी घार असते, ती उंदीर खाते.

खर्च: वासे घरचे, बांबू ६ × १२० = ७२० रुपये, तार आणि सुतळी १९० रुपये. दीड दिवस, दोन माणसं.

२६ डिसेंबर, निसवायला लागली

पोटऱ्या फुटल्या, निम्म्याहून जास्त कणसं बाहेर. आता पुढं काय होणार ते नीट समजून घ्या कारण राखणीचा हिशोब यावर आहे. ज्वारीचं कणीस शेंड्याकडून फुलतं आणि फुलोरा खाली खाली येतो, बुडापर्यंत यायला आठवडा लागतो. म्हणजे चीक पण आधी शेंड्याला भरतो. पाखरू बसतं ते शेंड्यावरच. सगळी कणसं हिरवी-कोवळी दिसत असताना शेंड्याचे दाणे चिमटीत दाबून बघायचे, पांढरा थेंब आला की त्या दिवसापासून राखण सुरू. बुडाच्या दाण्याची वाट बघितली की चार-पाच दिवस गेले, आणि तेवढ्यात पाखरांनी रान ओळखलेलं असतं. एकदा ओळखलं की हटवायला दुप्पट कष्ट.

चमकी पट्टी बांधली. एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं चंदेरी, अर्धा इंच रुंद. उत्तर-दक्षिण ओढायची, म्हणजे सकाळ-संध्याकाळ दोन्ही उन्हं तिच्यावर पडतात. दोन पट्ट्यांत पाच मीटर अंतर, कणसांच्या वर हात-दीड हात. चार एकर पूर्ण करायला बराच माल लागतो म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या कडेनं वीस-वीस मीटरचा पट्टा केला, मध्ये विरळ. खर्च: पट्टीचे रोल २,१०० रुपये, काठ्या तुरीच्या आणि जुन्या ठिबकच्या, फुकट.

३० डिसेंबर, पट्टी तुटली

वारं सुटलं आणि सकाळी बघतो तर निम्म्या पट्ट्या गाठीपाशी तुटून लोंबतायत. कारण दोन. एक, ताणून बांधल्या होत्या. दोन, सपाट बांधल्या होत्या, पीळ न देता, त्यामुळं वारा सगळ्या अंगावर घेतला आणि गाठीवर ताण आला. परत बांधताना प्रत्येक पट्टीला दोन-तीन पीळ दिले, थोडी ढिली सोडली, आणि टोकाला आधी चिकटपट्टी गुंडाळून मग सुतळीची गाठ मारली. पीळ दिला की दोन फायदे, एक तर लाल-चंदेरी-लाल असं चमकत राहतं आणि वाऱ्यात घुंईंई असा आवाज येतो. माणसाला लांबून ऐकू येत नाही पण जवळ गेल्यावर येतो, पाखराला नक्की येत असणार कारण ते पट्टीच्या खालून जात नाही. एक दिवस गेला, जादा रोल ३५० रुपये.

४ जानेवारी, काय चाललं नाही

चीक भरायला सुरुवात.

बुजगावणं: जुना सदरा, मडक्याचं डोकं, सगळं साग्रसंगीत केलं. दोन दिवस चिमण्या लांब राहिल्या. तिसऱ्या दिवशी साळुंकी त्याच्या खांद्यावर. रोज जागा बदलली आणि सदरा बदलला तर आठवडाभर ओढता येतं, पण तेवढे कष्ट करायचे तर माणसानंच रानात चक्कर मारलेली बरी.

स्पीकर: मोबाइलवर ससाण्याचा आवाज आणि पोपट घाबरल्यावर ओरडतो तो आवाज भरून ब्लूटूथ स्पीकरवर लावला. पहिल्या दिवशी थवाच्या थवा उठला, वाटलं झालं काम. चौथ्या दिवसापर्यंत तोच आवाज चालू असताना पाखरं खालीच खात होती. नंतर दिवसातून एकदा-दोनदाच, तेही गोफणीच्या आवाजाला जोडून वाजवला तर थोडा उपयोग झाला. सतत लावायचा नाही.

जाळी: तात्यांनी चौकशी केली, चौरस मीटरला दहा रुपये धरले तर एकराला चाळीस हजार. ज्वारीला परवडतच नाही. द्राक्षाला, डाळिंबाला ठीक. आणि नायलॉनच्या बारीक जाळीत पाखरं, साप, सरडे अडकून मरतात, रोज कोणीतरी सोडवायला पाहिजे.

कार्बाइडची बंदूक: पीव्हीसी पायपाची, माकडांसाठी विकतात ती. घेतली नाही आणि कोणी घेऊ नये. यंदाच्याच दिवाळीत मध्य प्रदेशात त्या पायपांनी कितीतरी पोरांच्या डोळ्यांना इजा झाली. राखणीला घरातली पोरं बसतात, हे लक्षात ठेवा.

विषारी दाणे: याबद्दल चर्चाच नको. मोर मरतो, कुत्रं मरतं, शेळी मरते, आणि वनखात्याची केस होते ती वेगळी.

१० जानेवारी, पोपट

आज पहाटे पोपट उतरले, चाळीस-पन्नास असतील. चिमणी आणि पोपट यांच्या खाण्यात फरक आहे आणि तो कणीस हातात घेतल्यावर कळतो. चिमणी दाणा चोचीत दाबते, चीक पिते, टरफल तिथंच राहतं, कणीस लांबून चांगलं दिसतं पण हातात घेतलं की पोकळ. पोपट कणसातली दाण्यांची फांदीच तोडतो, पायात धरतो, त्यातले चार-दोन दाणे खातो आणि बाकी खाली टाकतो. आज पश्चिमेच्या कडेला एका कणसाखाली बघितलं, मातीवर हिरवट दाण्यांचा सडा होता, खाल्लेल्यापेक्षा पाडलेले जास्त. त्यामुळं चाळीस पोपट हे दोनशे चिमण्यांपेक्षा महाग पडतात.

आता महत्त्वाचं. पट्टी असताना उतरले कसे? नाना आणि मी माळ्यावर बसून बघत होतो. सकाळी सात-सव्वासातला उजाडतं, वारं शून्य, कणसांवर दहिवर, ऊन अजून झाडाच्या वर आलेलं नाही. पट्टी हलत नाही आणि चमकत पण नाही. पट्टीला ऊन आणि वारा दोन्ही लागतं आणि पाखरू नेमकं त्या वेळी येतं जेव्हा दोन्ही नसतं. नऊनंतर वारं सुटलं, पट्ट्या चमकायला लागल्या आणि पोपट एकदम लांब गेले. संध्याकाळी पाचनंतर परत तेच, वारं पडतं, पाखरू झोपायच्या आधी पोट भरायला येतं.

म्हणून इथून पुढचं वेळापत्रक असं केलं: साडेसहा ते नऊ माणूस माळ्यावर, गोफण. नऊ ते साडेचार पट्टीच्या भरवशावर, मध्ये आई किंवा काकी भाकरी घेऊन येतात तेव्हा एक चक्कर. साडेचार ते सव्वासहा परत माणूस. दिवसभराचा राखणदार ३५० रुपये मागतो, अडीच तास सकाळी आणि पावणेदोन तास संध्याकाळी असा मिळत नाही, पण घरातल्यांनी वाटून घेतलं की जमतं.

गोफणीचं तंत्र नानांनी दाखवलं. मी पाखरू बसल्यावर गोळा सोडत होतो. नाना म्हणले, "आरं, बसल्यावर काय हाकतूस, ते बसायच्या आदी सोड. झाडावनं उडालं की आवाज जाऊ दी, मग ते वरच्या वर वळतंय. एकदा कणसाची चव लागली की तुझ्या बापाचं ऐकायचं न्हाई." खरंच तसं झालं. बाभळीवरून थवा सुटला की त्याच्या पुढं, मोकळ्या बाजूला, गोळा सोडायचा आणि सोबत एक हाळी. नेम पाखरावर धरायचाच नाही, थव्याच्या आणि रानाच्या मधल्या मोकळ्या जागेत धरायचा. पाचापैकी चार वेळा वळतात.

खांदा दुखतो. पहिल्या आठवड्यात उजवा हात वर होईना. दोन्ही हातांनी फिरवायला शिका.

१४ जानेवारी, संक्रांत, भोरड्या

सकाळी सगळे घरी सणाच्या गडबडीत, माळ्यावर फक्त पोरगं. साडेसातला त्याचा फोन, "पप्पा, आभाळ काळं झालंय." गेलो तर भोरड्या. हजाराच्या वर सहज. गुलाबी अंग, काळं डोकं, एकदम वळतात, एकदम पसरतात. थवा उतरला की कणसं वाकून खाली जातात आणि पाच मिनिटात ओळीच्या ओळी साफ.

हे पाखरू मध्य आशियाकडून हिवाळ्यात येतं, तिकडं ते टोळ खाऊन जगतं आणि चीनमध्ये शिनजियांगला तर टोळांचा बंदोबस्त करायला त्यांच्यासाठी मुद्दाम घरट्यांची जागा करून देतात. आपल्याकडं पण सप्टेंबर-ऑक्टोबरात रानातल्या अळ्या तेच उचलतं. ज्वारी चिकात आली की मात्र ज्वारी.

एका गोफणीनं भोरडी हटत नाही. एका कडेनं उठते आणि दुसऱ्या कडेला बसते. आणि आमच्या रानातून उठली की तात्यांच्या रानात, तात्यांनी हाकली की नानांच्या. सकाळच्या दोन तासांत तिघांनी एकमेकांच्या रानात तोच थवा ढकलला. यावरून एका माणसाशी बोलाचाली पण झाली, पलीकडच्या बांधावरच्या, "तुमची पाखरं आमच्यात घालता" म्हणून. त्याचं चुकलं नव्हतं.

दुपारी तिळगूळ द्यायच्या निमित्तानं तात्या, नाना, तो आणि मी असे चौघं बसलो आणि ठरवलं: चारी रानात सकाळी एकाच वेळी माणूस, चारी कोपऱ्यांवर. एकानं हाळी दिली की सगळ्यांनी एकदम गोफणी वाजवायच्या, थव्याला उतरायला जागाच ठेवायची नाही. पत्र्याचे डबे पण घेतले.

१७ जानेवारी

चौघांचं जमलं. पहिल्या सकाळी अर्धा तास थवा वर फिरत राहिला, उतरला नाही, मग ओढ्याकडं पडीक रानात गेला. दुसऱ्या सकाळी कमी आला. आज आलाच नाही. कायमचा गेला असं समजू नका, चार दिवसांनी परत बघायला येतोच, पण जिथं त्याला रोज बसायला मिळत नाही ते रान तो सोडतो. माझ्या मते सगळ्या राखणीत पैसे न लागणारी आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच, शेजारी.

पश्चिमेच्या कडेच्या आठ-दहा ओळींचं नुकसान झालंय, ते धरूनच चाला. ती कड जास्त ताणून वाचवायच्या मागं लागलो नाही, पोपट तिथं बसतात तोवर आत येत नाहीत.

२३ जानेवारी, हुरडा

दाणा हुरड्यात. पुण्याहून पाहुणे आले, आगटी पेटवली, दही, शेंगाची चटणी, गूळ. राखणीच्या दृष्टीनं सांगायचं तर धुराचा उपयोग होतो, सकाळी माळ्याखाली शेणी पेटवून ठेवली की त्या बाजूनं पाखरू कमी येतं. पण वाळला पाला जवळ असतो, चहूबाजूंनी जागा साफ करून मगच.

पट्टीची सवय लागायला लागली, चिमण्या आता दोन पट्ट्यांच्या मधून खाली शिरतात. काठ्या उपसून पट्ट्यांची उंची बदलली, काही आडव्या केल्या, आणि जुन्या कॅसेटची टेप मध्ये मध्ये ओढली. परत चार-पाच दिवस फरक पडला. कुठलीही एक गोष्ट आठवड्यापेक्षा जास्त एका जागी ठेवायची नाही हा नियम धरा.

२ फेब्रुवारी, राखण उठवली

दाणा दाताखाली कट्‌कन वाजतो. पोपट अजून येतात पण चिमण्या, भोरड्या कमी, कडक दाण्यात त्यांना गोडी नाही. माळा ठेवलाय, फक्त संध्याकाळची चक्कर चालू.

१९ फेब्रुवारी, काढणी आणि हिशोब

ज्वारी उपटून झाली, आठ बायका आणि चार गडी. मळणी पुढच्या आठवड्यात, पण कणसं मोडताना कडेची आणि मधली वेगळी टोपल्यात घेऊन बघितली. मधल्या रानात शंभरातली चार-पाच कणसं खाल्लेली, तीही शेंड्यालाच. पश्चिमेच्या कडेला निम्म्याहून जास्त.

राखणीचा रोख खर्च: पट्टी २,४५०, माळा ९१०, चिकटपट्टी-सुतळी २४०, भोरड्यांच्या आठवड्यात एक राखणदार लावला त्याचे २,१००. एकूण ५,७०० रुपये, म्हणजे एकरी सव्वाचौदाशे. घरच्या माणसांची मजुरी धरली नाही, धरली तर आकडा तिप्पट होतो आणि मग पुष्कळ लोक म्हणतील की ज्वारीच कशाला. मालदांडीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये होता. एकरी दीड-दोन क्विंटल जरी पाखरांनी नेली असती तरी हा खर्च निघतो, वर कडबा चांगल्या भावानं जातो आणि घरात वर्षाची भाकरी.

एक काम अजून बाकी आहे आणि ते टाळू नका. पट्टीचे तुकडे. वाऱ्यानं तुटलेले तुकडे ताटांत अडकून बसतात, पेंढ्या बांधताना ते तसेच कडब्यात गेले तर जनावराच्या पोटात जातात. उद्या पेंढ्या बांधायच्या आधी पोरांना ओळीनं फिरवून तुकडे गोळा करणार आहे, पोतं भरेल असं दिसतंय. धड राहिलेली पट्टी गुंडाळून ठेवली तर पुढच्या वर्षी अर्धी तरी वापरता येईल, फक्त उन्हानं तिचा चंदेरी रंग उडाला असेल ती टाकून द्या, चमकत नाही ती कामाची नाही.